अडकलेले पैसे

दौंडला आत्याच्या घरी दुधाचा हिशेब लिहायची एक वही आहे. लाल पुठ्ठ्याची, दोरीने खिळ्याला टांगलेली. गेल्या पावसाळ्यात मी तिच्याकडे गेलो होतो आणि चहा होईपर्यंत ती वही सहज चाळत बसलो. 'एक लिटर', 'खाडा', 'खाडा', 'अर्धा जादा, पाहुणे', असं चाललं होतं, आणि मध्येच एका पानावर आडवं लिहिलेलं दिसलं : 'वर्मासाहेब, हेड ऑफिस. सोमवारी ११ ला. फाईल चार्ज ४८५०.' त्याच्या खाली, दुसऱ्या शाईत : 'मॅडम. जीएसटी १२,४००. मग चेक निघणार.' त्याच्या खाली पुन्हा दूध.

"हे काय गं, आत्या?"

"काही नाही रे. मामांचे पैसे अडकलेत. ते सोडवायचं चाललंय."

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत पॉइंट्समन होते. जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी कधीकाळी एक विम्याची पॉलिसी काढली होती, काही वर्षं हप्ते भरले होते आणि मग थोरलीचं लग्न निघालं तेव्हा ते थांबले होते. एवढंच आम्हाला माहीत. फोनवरच्या माणसाला मात्र याहून बरंच माहीत होतं. पॉलिसीचा नंबर, मामांचं पूर्ण नाव, वारस म्हणून आत्याचं नाव, आणि मामा गेलेत हेसुद्धा. "माताजी, आपका पैसा रुका हुआ है," त्याने पहिलंच वाक्य हे टाकलं. बोनस धरून तीन लाख चौऱ्याऐंशी हजार. तुमच्या एजंटाने कमिशन खाता यावं म्हणून फाईल दाबून ठेवली होती, आता ती आमच्या टेबलावर आली आहे, आम्ही ती मोकळी करतो.

ही भाषा बारकाईने ऐकण्यासारखी आहे. लॉटरी लागली असं तो म्हणाला असता तर आत्याने फोन ठेवून दिला असता. ती भोळी नाही. चाळीस वर्षं रेल्वे कॉलनीत संसार केलेल्या बाईला फुकटचं काही मिळत नसतं हे पक्कं ठाऊक आहे. पण तिला कोणी फुकटचं देऊ केलंच नव्हतं. तिचं तिला परत मिळणार होतं. आमच्या भागात पैसे बुडतात कमी आणि अडकतात जास्त. उसाचे अडकतात, पतसंस्थेत अडकतात, भूसंपादनाचे अडकतात, पुनर्वसनाचे तर बापाच्या पिढीत अडकतात ते नातवाच्या पिढीत मोजावे लागतात. 'बुडाले' म्हटलं की तेराव्याला जेवून उठावं तसं माणूस मोकळा होतो. 'अडकले' म्हटलं की आशा राहते. आणि अडकलेली वस्तू सोडवायची तर थोडा जोर लावावाच लागतो, हेही त्या शब्दातच आहे.

पैसे भरले कसे, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून. आत्या रोख देते, दुकानातला पोरगा त्याच्या मोबाईलवरून फोनपे करतो आणि वर दहा रुपये घेतो. दुसऱ्या वेळी त्या पोराने विचारलंही होतं, "आजी, हे तर कुण्या बाईचं नाव येतंय, कंपनीचं नाही." त्यावर आत्या म्हणाली, "असतील ऑफिसातल्या बाई." सतरा हजार दोनशे पन्नास रुपये गेले होते. तिसऱ्या वेळी एकतीस हजार मागितले. ते तिच्याकडे नव्हते म्हणून मला शिरूरहून बोलावून घेतलं होतं, हे मला चहा झाल्यावर कळलं.

मी मास्तर. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवली, त्यामुळे समजावून सांगायची खोड जात नाही. मी तिला उसाच्या बिलाचं उदाहरण दिलं. न्हावऱ्याच्या बाजूला आमचा थोडा ऊस असतो. कारखान्याचं बिल येतं तेव्हा सोसायटीचं कर्ज वळतं केलेलं असतं, आणखी कसले कसले निधी गेलेले असतात, आणि शेवटच्या रकान्यात राहतात ते आपले. कपातीवर आपण चिडतो, पण एक गोष्ट खरी की कापून घेतात, मागून घेत नाहीत. 'आधी तुम्ही सोसायटीचे पंचवीस हजार रोख आणून द्या, मग बिल सोडतो,' असं कोणी म्हणत नाही. मामांच्या पेन्शनीतून कर कापला जाई तोही असाच. ज्याच्या हातात तुझे पैसे आहेत त्याला कराची काळजी कशाला? त्यातलेच वळते करील. जो आधी मागतो त्याच्या हातात तुझे पैसे नाहीतच.

मला वाटलं, बाजी मारली. आत्या चुलीवरचं दूध उतरवावं तितक्या शांतपणे म्हणाली, "आणि वारसनोंदीला काय केलं होतं आपण? तुझ्याच हातानं पाकीट दिलं होतंस ना?"

दिलं होतं. मामांच्या वाटणीच्या जमिनीवर आत्याचं नाव लागायला सात महिने झाले तरी फाईल हलेना. मग कुणीतरी सांगितलं, वजन ठेवा. मी ठेवलं. कुठे, कुणाला, ते असू दे. आठ दिवसांत नोंद झाली. आत्याने त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं, आणि शिकवणारा मीच. फोनवरच्या वर्मासाहेबाने तिला नवीन काहीच सांगितलं नव्हतं. आपलंच आपल्याला मिळवायचं तर आधी थोडं सोडावं लागतं, हा धडा ती घरातच गिरवून बसली होती. तो आला आणि त्याने फक्त पाढा पुढे म्हटला.

लोभ वाईट, अशा मथळ्याखाली या फसवणुकींच्या बातम्या छापून येतात तेव्हा मला हे आठवतं. लोभ नव्हता. सवय होती.

सवय जुनी आहे. शिरूरहून दौंडला जायला न्हावरे, इनामगाव, काष्टी असं करत भीमेचा पूल ओलांडावा लागतो. इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी बरीच वर्षं उत्खनन केलं. तिथे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं एक मोठं घर निघालं आणि शेजारी धान्याचं कोठार. ते गावच्या प्रमुखाचं असावं आणि सगळ्यांकडून गोळा केलेलं धान्य तिथे ठेवत असावेत असा त्यांचा कयास. पडत्या वर्षी त्यातलं आपलं मापटंभर परत आणायला जाताना माणसं रिकाम्या हाताने जात होती की कसे, हे मात्र खापरांवरून कळत नाही.

इतकं मागे जायचीही गरज नाही. आमच्याच तालुक्यात करडे नावाचं गाव आहे. १८७४ सालच्या शेवटी तिथल्या एका देशमुखावर काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडायला घेतलं. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढच्या वर्षी १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला लोकांनी सावकारांची दुकानं आणि घरं फोडली. आज सुपं बारामती तालुक्यात आहे, आणि दौंडची बहुतेक गावं तेव्हा त्याच भीमथडीत मोडत. शिरूर, भीमथडी, पलीकडे पारनेर, श्रीगोंदा अशी लाट पसरत गेली. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगा हा शब्द सरकारचा. लोकांना हवे होते ते रोखे. जिथे सावकाराने रोखे आणून पुढ्यात टाकले तिथे बहुतेक वेळा त्याच्या अंगाला हात लागला नाही. कागद जाळले आणि माणसं घरी गेली.

त्या रोख्यांत एक गंमत असे. कागदावर शंभर लिहिलेले, पण कुणब्याच्या हातात शंभर पडतच नसत. मनोती म्हणून काही रक्कम सावकार कर्ज देतानाच कापून ठेवी आणि व्याज मात्र पुऱ्या शंभरावर चाले. म्हणजे घेणाऱ्याने घेण्याआधीच देणं सुरू केलेलं. वर्मासाहेबाचा 'फाईल चार्ज' मला त्या मनोतीचा नातू वाटतो, फरक एवढाच की सावकार निदान उरलेले नव्वद तरी देत असे.

दंग्यांनंतर सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमोर लिहायचा. आपण कशावर अंगठा देतोय हे न वाचता येणाऱ्या माणसाला कुणीतरी तिऱ्हाईताने आधी समजावून सांगितलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. आत्या सातवीपर्यंत शिकलेली, मराठी तिला उत्तम येतं. ती पेपर वाचते, हिशेब चोख ठेवते. पण हिंदीतून, घाईघाईने, 'आज शाम तक नहीं किया तो फाइल बंद' असं कानात ओतलं गेलं की तीही अंगठा देणारीच. तिच्यासमोर तिऱ्हाईत म्हणून कोण होतं, तर दुकानातला तो पोरगा. आणि त्याने विचारलं होतं हे विसरता कामा नये. दहा रुपये घेणाऱ्या त्या पोराने निबंधकाचं काम केलं, आपणच ऐकलं नाही.

मी स्वतः काही धुतल्या तांदळातला नाही. माझ्या वडिलांचे पैसे पर्ल्समध्ये होते. पीएसीएल हे तिचं कागदावरचं नाव. आमच्याकडे सगळे पर्ल्सच म्हणत. जमिनीचा प्लॉट देतो म्हणून महिन्याला थोडे थोडे घेत आणि मुदतीला वाढवून देत. सेबीने २०१४ मध्ये ते बंद करून पैसे परत करायला सांगितलं तेव्हा देशभरातून गोळा झालेला आकडा ४९ हजार १०० कोटींचा होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला सांगितली, आणि लहान लहान दाव्यांपासून परतफेड सुरू झाली. २०१९ मध्ये दावे ऑनलाइन भरायचे होते. फुकट. शिरूरच्या बाजारपेठेत एकजण टेबल टाकून ते फॉर्म भरून देत होता, पाचशे रुपये घेत होता. मी दिले. वर तो म्हणाला, "गुरुजी, मूळ सर्टिफिकेट पण ठेवून जा, वर पोचवावी लागतील." समितीने तर लोकांना बजावलं होतं की आम्ही मागेपर्यंत मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नका. मी ते वाचलं नव्हतं. त्या दिवशी कागद घरीच राहिले होते म्हणून वाचले, माझ्या शहाणपणामुळे नव्हे. ते पाचशे मी कशाचे दिले याचा पुढे खूप विचार केला. फॉर्म भरायचे नव्हते. फॉर्म मी वर्गातल्या पन्नास पोरांचे शिष्यवृत्तीचे भरलेत. ते दिले रांगेतून आपण थोडे पुढे सरकलो असं वाटावं म्हणून.

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही. इंग्लंडातल्या बँकांनी कर्जाबरोबर लोकांच्या गळ्यात नको असलेले विमे मारले होते. ते परत करायची वेळ आली तेव्हा अडतीस अब्ज पौंडांच्या वर पैसे परत गेले, आणि ते मिळवून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांनी लोकांना फोन करकरून जेरीस आणलं. शेवटी २०१८ मध्ये न विचारता असे फोन करायलाच कायद्याने बंदी घातली. अर्ज तिकडेही फुकटच होता. पण तिकडचे मध्यस्थ बहुतेक करून आलेल्या पैशातून हिस्सा घेत. आमचे न येणाऱ्या पैशातून घेतात.

दौंडच्या स्टेशनाची एक खोड आहे. मनमाडकडून येणारी गाडी पुण्याला जायची असेल तर इथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. अजूनही काही गाड्यांचं लावतात. काही गाड्या आता बाहेरच्या कॉर्ड लाईनवरून परस्पर जातात. नवखा प्रवासी झोपेतून उठतो, आणि गाडी आलो त्याच दिशेला परत चालली म्हणून घाबरतो. मामा ही गोष्ट फार रंगवून सांगायचे. मी आत्याला म्हटलं, मामा असते तर म्हणाले असते, पैसे तुझ्याकडे यायला निघाले होते, पण दौंडात इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं. ती हसली, पण तेवढ्यापुरतीच. सतरा हजारांना हसू फार वेळ पुरत नाही.

मग जे करायचं ते केलं. १९३० या नंबरावर फोन लावला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पैसे जाऊन पहिल्या खेपेला तीन आठवडे आणि दुसऱ्या खेपेला नऊ दिवस झाले होते. ताबडतोब फोन केला असता तर पलीकडच्या खात्यातच रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांत ती कुठल्या कुठे गेलेली असते. पोलीस ठाण्यातल्या माणसाने ती दुधाची वही उलटीपालटी करून पाहिली आणि त्या पानाचा फोटो काढून घेतला. आत्याला याचं फार बरं वाटलं, आपला हिशेब कामाला आला म्हणून.

वर्मासाहेब कधी विमा कंपनीतून बोलत होता, कधी 'आयआरडीए' म्हणजे विमा नियामकाकडून, आणि एकदा तर 'लोकपाल ऑफिस'मधून. नियामकाचं कार्यालय हैदराबादला आहे, आणि आम्ही पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, असं ते वर्षानुवर्षं जाहिरातींतून सांगत आलेत. विमा लोकपालाचं कार्यालय पुण्यातही आहे. तिथे एक पैसा फी नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते, उत्तराची वाट पाहावी लागते, आणि मग आपण जायचं. लोकपाल उठून आपल्याला फोन करत नाही. खऱ्या कार्यालयांची ही एक खूण मला बरी वाटते. ती आपल्या मागे लागत नाहीत. त्यांच्या मागे आपल्याला लागावं लागतं.

तेव्हा लागलो मागे. खरंच काही अडकलं आहे का, हे पाहू म्हटलं. विमा कंपन्यांना दावा न केलेल्या रकमा त्यांच्या संकेतस्थळावर शोधण्याची सोय ठेवावी लागते. पॉलिसी नंबर, नाव, जन्मतारीख एवढं लागतं. दहा वर्षांहून जास्त पडून राहिलेली रक्कम ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याण निधीत जाते, पण त्यानंतरही पंचवीस वर्षं ती मागता येते. बँकेतल्या विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं असंच एक पोर्टल काढलंय. तेही फुकट. भाचीने तिच्या मोबाईलवर शोधलं. आम्हाला लागणारा पॉलिसी नंबर मिळाला कुठे, तर दुधाच्या वहीत. वर्मासाहेबाने सांगितलेला, आत्याने नीट लिहून घेतलेला.

आणि रक्कम निघाली. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार नव्हे, अकरा हजार आणि वर काही. मामांनी हप्ते बंद करण्याआधी जेवढे भरले होते त्यातून उभं राहिलेलं कमी झालेलं मूल्य, मुदत संपल्यापासून पडून असलेलं.

"बघ," आत्या म्हणाली, "मी म्हणत नव्हते? अडकलेच होते."

यावर मास्तराकडे उत्तर नव्हतं.

शाखेत आम्ही दोघं गेलो. मृत्यूचा दाखला, आत्याचं आधार, पासबुकाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक, दोन फॉर्म. टेबलावरचा मुलगा वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने सगळं पाहिलं, एका जागी आत्याची सही राहिली होती ती घेतली, शिक्का मारून पोच दिली आणि म्हणाला, "आजी, खात्यात जमा होतील, आता यायची गरज नाही." झेरॉक्सचे अठरा आणि रिक्षाचे साठ, एवढाच खर्च.

आत्या उठेना. तिने पदराच्या गाठीतून पन्नासची नोट काढली, घडी करून टेबलावरच्या पॅडखाली सरकवायला लागली. "चहा घे बाळा." त्या पोराने नोट उचलून तिच्या हातात परत दिली, हसून, अजिबात गाजावाजा न करता, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर पायऱ्या उतरताना ती गप्प होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्यानं घेतले नाहीत रे."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं काय? घेतले नाहीत म्हणजे काम करायचा विचार दिसत नाही त्याचा."

पैसे दहा दिवसांनी जमा झाले. तोवर रोज संध्याकाळी तिचा शिरूरला फोन यायचा, की मी एकदा परत जाऊन त्या पोराला काहीतरी देऊन यावं.